पिसवा काढा, हात मात्र लावायचा नाही

नाही हो, कोट तयार आहे. कधीचाच तयार आहे. काज झाले, बटणं झाली, इस्त्री झाली, आत्याने स्वतः चष्मा लावून उरलेसुरले धागे तोडले... फक्त तुमच्या हातात देता येत नाहीये. आणि का देता येत नाहीये हे मी एका वाक्यात सांगितलं ना, तर तुम्ही म्हणाल, ही मुलगी एवढी दूर शिकायला गेली आणि येताना डोकं तिकडेच विसरून आली. म्हणून बसा. सरका हो थोडं, यांना बाकावर जागा द्या. या दोघीही त्याच टेबलासाठी बसल्यात, त्या पडद्यामागच्या. त्यांचे कपडे खाली आहेत, तुमचा कोट सगळ्यात वर आहे, म्हणजे अगदी सगळ्यात वर नाही, तिथेच तर गोची आहे, पण ते पुढे येईल.

आधी मला एक सांगा. कुणाचे पाय खाजतायत? तुमचे? नाही. तुमचे? नाही. बघा! मागच्या शनिवारी आला असतात ना, तर या बाकावर बसून आत्तापर्यंत तुम्ही गुडघ्यापर्यंत खाजवत पोचला असतात. पिसवा! हो, पिसवाच. आता लपवून काय करायचं, गेल्या ना त्या. आणि कुणी घालवल्या? विचारा. मी घालवल्या असं मी आठवडाभर सगळ्यांना सांगणार होते, पण आता सांगता येत नाही, कारण शेवटी त्या ज्या पद्धतीने गेल्या त्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. तेही पुढे येईल.

तर आमच्या मागच्या अंगणात पाच मांजरं आहेत. आहेत म्हणजे आमची नाहीत हं, पाळलेली नाहीत. ती तिथे राहतात आणि आम्ही इथे शिवतो, एवढाच संबंध. कापडाच्या दुकानाला उंदीर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, आणि ही पाच आल्यापासून आत्याने आठ वर्षांत एकही उंदीर पाहिलेला नाही. नावं दुकानातलीच पडलीत. अस्तर, कारण तिचं पोट पांढरं आहे. झालर, शेपटीमुळे. चिंधी, ती जन्मली तेव्हा एवढीशी होती. बंडल, तो एकटाच बोका आणि त्याला पाहिलंत तर नाव का ते विचारणार नाही तुम्ही. आणि त्या सगळ्यांची आई, आजी, मुकादम, जे काय म्हणाल ते, कात्री. करडी, एक कान अर्धा, आणि आठ वर्षांत एका माणसाने तिला बोट लावलेलं नाही. पाचांचीही तीच अट आहे म्हणा. खायला घाला, खातो. पाणी ठेवा, पितो. उंदीर हवेत तेवढे मारतो. हात मात्र लावायचा नाही.

आणि मागच्या शनिवारी काय झालं, संगीतशिक्षिका बाई झग्याचं माप द्यायला आल्या. आत्या टेप घेऊन उभी, बाई हात वर करून उभ्या, आणि बाईंच्या घोट्याला काहीतरी चावलं. त्या हलल्या. आत्याने माप घेतलं, बाई पुन्हा हलल्या. आता बाई फार सभ्य, हो, माप देताना वाकून खाजवायचं कसं, म्हणून त्यांनी एका पायाने दुसरा पाय खाजवला, मग दुसऱ्याने पहिला, आणि त्या नादात आत्याने एक बाही लांब कापली. एक बाही लांब! तीस वर्षांत पहिल्यांदा. कापलेली बाही हातात धरून आत्या नुसती पाहत राहिली, आणि तुम्हाला सांगते, ती रडली असती तर परवडलं असतं.

मग काका उठले. काका म्हणजे आत्याचे यजमान, हिशेब सोडून दुकानात सगळं तेच बघतात, हिशेब आत्या बघते. काकांचा आवाज तुम्ही ऐकलाय ना, ते हळू बोलले की समजायचं भारी आहे. ते हळू बोलले. म्हणाले, आजपासून एक आठवडा. पुढच्या शनिवारी सकाळी मी पिंजरेवाल्याला बोलावलंय. पिसवा गेल्या असतील तर तो रिकामा परत जाईल. नसतील तर मांजरं नेईल आणि गावाबाहेर सोडेल.

आता मी कोण? मी चार महिन्यांपूर्वी परत आलेली. पाच वर्षं तिकडे शिकले, विषय काय, तर माणूस आणि जनावरं एका जागेत कशी राहतात. यावर मी एकशे ऐंशी पानं लिहिलीत. आल्या दिवशी मी याच दुकानात, याच ठिकाणी उभी राहून भाषण केलं होतं, की ही मांजरं आपले शेजारी आहेत. काका म्हणाले होते, शेजारी चावत नाहीत. आत्या म्हणाली होती, पलीकडच्या वहिनी तुम्हाला अजून कळल्या नाहीत. तर असं भाषण केलेल्या मुलीने गप्प बसायचं का? मी म्हणाले, काका, शब्द देते, आठवड्यात एक पिसू दिसणार नाही, आणि एकाही मांजराला त्रास होणार नाही. तिथल्या तिथे सगळ्यांसमोर शब्द दिला. त्या वेळी मला वाटत होतं पिसू म्हणजे काय, औषधाचे चार थेंब मानेवर सोडले की संपलं. आणि संपतंच! डॉक्टरही तेच म्हणाले. जनावरांचे डॉक्टर, त्या कोपऱ्यावरचे, ते सगळं इतकं हळू बोलतात की आपल्यालाच भूल दिल्यासारखं वाटतं. म्हणाले, सोपं आहे... मांजर मांडीवर घ्यायचं... मानेवरचे केस बाजूला करायचे... म्हटलं, डॉक्टर, मांडीवर? त्यांनी विचारलं, का, काय अडचण आहे? म्हटलं, काही नाही, फक्त हात मात्र लावायचा नाही. त्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

पण मी काय हार मानणारी आहे का? विश्वास! मी आयुष्यभर, म्हणजे पाच वर्षं, हेच शिकले की जनावराचा विश्वास कमावता येतो. त्यांच्या पातळीला बसायचं, थेट बघायचं नाही, हळूच डोळे मिटायचे, हळूच उघडायचे, म्हणजे मांजराला कळतं की हा माणूस आपला आहे. रविवारी सकाळी मी अंगणात जमिनीवर बसले. दोन तास. कात्री समोर पत्र्यावर. मी डोळे मिटले, उघडले. आणि तुम्हाला सांगते, तिनेही मिटले! हळूच मिटले, हळूच उघडले! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. मी कोपरापर्यंतचे जाड हातमोजे घातले होते, हातात औषध, मी पुढे सरकले, एक वीत, अजून एक वीत...

हातमोजे हातात होते. तिने पंजा नाकावर मारला.

डॉक्टर म्हणाले, या, या, बसा... कितवं मांजर? मी म्हणाले, मांजर नाही, मीच आहे. त्यांनी नाकाला काहीतरी लावलं आणि माणसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे एक इंजेक्शन झालं. संध्याकाळी काकांनी मला विचारलं, शेजाऱ्यांशी बोलणं झालं का?

बरं, काकाही काही गप्प बसले नव्हते हं. ते सोमवारी एक पिसवांची पावडर घेऊन आले. डब्यावर एक हसरा कुत्रा. म्हणाले, ही अंगणात उधळ आणि त्यांच्यावरही टाक लांबून, पाय दोघांनाही चारच असतात. मी तो डबा तसाच उचलला आणि डॉक्टरांकडे गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला मी भरभर बोलताना ऐकलं! म्हणाले, ठेवा तो डबा, कुत्र्याच्या औषधात जे असतं ते मांजराला विष आहे, मांजर तडफडून मरतं, आधी परत करा. मी परत करायला लावला. काकांचा चेहरा पडला. म्हणाले, मी त्यांना मारायला नाही आणला तो. मला माहीत होतं हो. त्यांना मांजरं आवडत नाहीत, पण ते दुष्ट नाहीत. पण बघा, शनिवार म्हणजे शनिवार, त्यात ते एक तासही द्यायला तयार नाहीत.

मग गोळी. खाण्यातून द्यायची एक गोळी असते, एका मांजराला एक. डॉक्टर म्हणाले, आधी गोळी न घालता करून बघा, प्रत्येक मांजर आपल्याच ताटलीतलं खातं का. मी म्हटलं, डॉक्टर, मी आराखडा केलाय. पाच ताटल्या, पाच कोपरे, शिंप्याच्या खडूने जमिनीवर नावं, उकडलेला मासा सारखा वाटून. मांजरं आली. अस्तर अस्तरच्या ताटलीवर, झालर झालरच्या, मला वाटलं यांना वाचता येतं की काय! आणि मग बंडल उठला. त्याने स्वतःची ताटली संपवली, मग चिंधीकडे गेला, ती बाजूला झाली. मग अस्तरकडे, तीही बाजूला झाली. कसलं भांडण नाही, गुरगुर नाही, नुसता एखादा साहेब विभागाची पाहणी करतो तसा, एकेक टेबल, एकेक टेबल... पाचही ताटल्या. खऱ्या गोळ्या असत्या तर पाचही त्याच्या पोटात. मी सगळं वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली. गोळीचा बेत गेला. म्हणजे पुन्हा थेंब. म्हणजे पुन्हा तेच, हात मात्र लावायचा नाही.

आता मी तुम्हाला एक गुपित सांगते, पण काका आत आहेत, म्हणून जरा जवळ या. पिसवा आल्या कुठून? डॉक्टरांनी सांगितलं, मांजराच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीचं सगळं, अंडी, अळ्या, ती झोपतात तिथे. आणि ती झोपतात कुठे? मागच्या शेडमध्ये. आणि शेडमध्ये काय आहे? तीस वर्षांचे कापडाचे तुकडे! काकांनी जपलेले! गाठोड्यांवर गाठोडी, छतापर्यंत. कुणाच्या पँटचा कपटा, कुणाच्या पडद्याची पट्टी, "कधीतरी लागेल". काय लागणार आहे हो? एका पायाच्या बाहुलीला शर्ट शिवायचाय? मी पहिलं गाठोडं उचललं आणि तुम्हाला सांगते, ते गाठोडं जिवंत होतं. जमिनीवर टाकलं तर त्यातून उड्या. पिसवांचा राजवाडा तो, आणि राजवाड्याचे मालक कोण, तर पिंजरा बोलावणारे आमचे काका!

मी आत्याला बोलावून दाखवलं. आत्याने पाहिलं. ती काकांकडे गेली आणि एवढंच म्हणाली, "तुमचं सामान हलवायचं की त्यांचं?"

काका तासभर शेडसमोर उभे होते. मग त्यांनी स्वतःच मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. अर्धी गाठोडी जाळली, अर्धी उकळली, आणि प्रत्येक तुकडा पातेल्यात टाकताना सांगत होते, हे बँकेतल्या साहेबांच्या लग्नाचं... हे शाळेच्या पहिल्या गणवेशाचं... हे, हे तुझ्या पहिल्या फ्रॉकचं. मी सहा महिन्यांची असतानाच्या फ्रॉकचं. ते मात्र मी उकळून, वाळवून, माझ्या खोलीत ठेवलंय. असो. त्याचा इथे काही संबंध नाही.

तर शेड झाली, उकळून झाली, घासून झाली, पुन्हा घासून झाली. राहिली मांजरं. त्यांच्या अंगावरच्या गेल्या नाहीत तर दोन दिवसांत शेड पुन्हा भरणार. आणि डॉक्टर विचारतात, प्रत्येकाचं वजन किती? कारण औषधाचं माप वजनावर. आता वजन कसं करणार? काट्यावर बसा म्हणायचं? मी रडकुंडीला आले होते, आणि आत्या मागच्या दारात उभी राहून, दाताने धागा तोडत म्हणाली, बंडल पाच किलो. अस्तर सव्वातीन. झालर तीन. चिंधी अडीच. कात्री... कात्री दिसते तेवढी नाही, केस आहेत नुसते, पावणेतीन.

मी म्हटलं, आत्या, असं नाही चालत, औषध आहे ते. डॉक्टरांनाही पटलं नाही. ते आत्याला म्हणाले, ताई, अंदाज वेगळा, वजन वेगळं. तिथे बाकावर एक मुलगी टोपलीत मांजर घेऊन बसली होती. आत्याने टोपलीत नुसतं पाहिलं. म्हणाली, चार किलो, आणि टॉवेल धरून चार दोनशे. काट्यावर ठेवलं. चार किलो एकशे नव्वद! डॉक्टरांनी आत्याचे पाचही आकडे लिहून घेतले. आणि आत्या निघताना म्हणते कशी, तुमचा शर्ट डाव्या खांद्याला उतरलाय, येऊन जा एकदा. डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले माप द्यायला, खरंच आले.

तर वजन मिळालं, औषधाच्या पाच छोट्या नळ्या मिळाल्या. पण नळी केवढी? बोटाएवढी. म्हणजे मांजराच्या मानेजवळ हात नेऊनच सोडायची. मी डोकं लढवलं. लांब गजाला नळी बांधली, टोकाला दोरी, दोरी ओढली की नळी दाबली जाणार. माशाची ताटली ठेवायची, मांजर मान खाली घालून खाणार, मी शेडमागे लपून गज पुढे करणार. बुधवारी दुपारी सगळी तयारी झाली, आणि मी म्हणाले, शांतता पाहिजे. पूर्ण शांतता. जनावरं आवाजाला घाबरतात, माझ्या एकशे ऐंशी पानांत सत्तावीस पानं नुसती आवाजावर आहेत. मी दुकानातली सगळी मशीन बंद करायला लावली. तीनही. आत्याच्या हातात अर्धी पँट, ती थांबली. काका थांबले. रेडिओ बंद. काजवाल्या मावशी सुई हवेत धरून थांबल्या. दुकानात असं सुतक पडल्यासारखं शांत... आणि अंगणात मी, गज धरून.

एक मांजर आलं नाही.

दीड तास. मासा थंड झाला, माश्या आल्या, माझ्या पायाला मुंग्या आल्या, मांजर एक नाही. आणि त्या दीड तासात तीन गिऱ्हाइकं येऊन परत गेली, कारण दारात काका ओठांवर बोट ठेवून उभे. शेवटी काका अंगणात आले आणि म्हणाले, हळू आवाजातच म्हणाले, झालं तुझं? दोनच दिवस राहिलेत. पिंजरेवाला वेळेवर येतो.

मी अंगणात बसले. खरं सांगू? मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मला काहीच येत नाही. पाच वर्षं, एकशे ऐंशी पानं, आणि मला अंगणातली पाच मांजरं येत नाहीत.

आणि तेव्हा काजवाल्या मावशी बाहेर आल्या. त्या म्हणजे, तुम्ही पाहिलंय ना, तोंडात सुया धरून काज करतात, म्हणून दिवसभर बोलत नाहीत, दिवसभरातलं सगळं बोलणं धागा संपला की एकदम. धागा संपला होता. त्या म्हणाल्या, "मशीन बंद म्हणजे जेवणाची सुट्टी. सुट्टीत काका अंगणात हात धुतात, चूळ भरतात, पाणी फेकतात. आठ वर्षं मांजरांना एवढंच माहीत आहे. मशीन चालू म्हणजे सगळी माणसं खुर्चीत. बंद म्हणजे माणसं सुटली."

आणि नवीन धागा ओवून आत गेल्या.

सांगा! म्हणजे मी सगळ्या दुकानाला शांत करून त्या मांजरांना काय सांगितलं, तर पळा, आता सगळी माणसं मोकाट सुटलीत! मी कपाळाला हात लावला आणि हसायलाच लागले. काय करणार? रडण्यापेक्षा हसणं बरं. काकाही हसले, पहिल्यांदा, आठवड्यात पहिल्यांदा. मग आत्या आली. ती हसली नाही, ती माझ्या त्या गजाकडे बघत होती. गज, दोरी, टोकाला नळी. मग आत गेली आणि खणातून एक वस्तू घेऊन आली.

तेलाची कुपी. मशीनला तेल घालायची, लांब चोचीची. कोरी, अजून तेल न घातलेली. पाहिलीत ना कधी? एवढी पितळी कुपी, तिला हातभर बारीक वाकडी चोच, आणि बूड दाबलं की टुक, एक थेंब. आत्या तीस वर्षं चालत्या मशीनला तेल घालते. चालत्या! पाय चालू, सुई वरखाली, कापड पुढे सरकतंय, आणि हिचा उजवा हात मागे जाऊन न बघता मशीनच्या मोहरीएवढ्या भोकात टुक, टुक. कापडावर तेलाचा डाग पडलेला कुणी पाहिलाय का? तुम्ही बारा वर्षं येताय, तुम्ही पाहिलाय? नाही ना.

मी धावत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, कुपी कोरी असेल तर चालेल, एका वेळी एकाच मांजराचं औषध भरा, शेवटच्या थेंबापर्यंत सोडा... ताईंना म्हणावं, डाव्या खांद्याचं लक्षात ठेवा.

गुरुवारी सकाळी आत्याने तिचं मशीन मागच्या दारात नेऊन ठेवलं. अगदी उंबऱ्याशी. ताटली उंबऱ्याबाहेर, तिच्या उजव्या हाताच्या खाली, हातभर अंतरावर. बाकीची दोन मशीन आत धडधडत होती, काकांनी रेडिओ लावला होता, मोठ्याने. आत्या सुईखाली कापड न घेता नुसतीच पाय मारत बसली. आली! बंडल आधी, अर्थातच. मान खाली, मासा. आत्याचा हात सावकाश खाली गेला, पाय चालूच, ती बंडलकडे बघतही नव्हती, मशीनकडे बघत होती. टुक, टुक, टुक. मानेवर बरोबर मध्ये, दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे त्याला चाटता येत नाही. बंडलने कान हलवला आणि खात राहिला. पोट भरलं, गेला. नवी ताटली, नवं औषध. चिंधी. झालर. अस्तर. एकाच्याही मानेवर चोच टेकलीसुद्धा नाही. मी दारामागे उभी, दोन्ही हात तोंडावर, आनंदाने मला श्वास घेता येत नव्हता हो. चार झाली, अर्ध्या तासात चार!

आणि मग कात्री. कात्री कधी रांगेत येत नाही. ती सगळ्यांचं झालं की येते. आली, ताटलीपाशी थांबली, आणि मान वर करून बघितलं. आत्याकडे नाही. माझ्याकडे. नाकाची खूण अजून होतीच. खाईना. एक पाऊल मागे. मी श्वास रोखला, तिने अजून एक पाऊल मागे घेतलं. कात्री राहिली तर सगळं राहिलं, कारण सगळी तिच्याच अंगाला टेकून झोपतात.

आत्याने पाय थांबवले नाहीत. मान वळवली नाही. मशीनच्या आवाजात, हळू, मला म्हणाली, "बाळा, तू तिकडे तोंड कर. तुला फार पाहिजे आहे ना, ते तिला दिसतंय."

तुम्हाला सांगते... मी वळले. भिंतीकडे तोंड करून बसले. समोर कॅलेंडर, गेल्या वर्षीचं. म्हणजे ज्या क्षणासाठी मी पाच वर्षं शिकले तो क्षण मी कॅलेंडरकडे बघत घालवला. मशीन चालू, रेडिओ चालू, कुणीतरी गात होतं. मी मनाला सांगत होते, काही नको, काही नको, मला काही नको, आणि खरंच, थोड्या वेळाने मला काही नकोसं झालं, नुसतं त्या मशीनचं खटखट ऐकत बसले, छान वाटत होतं. आणि त्या खटखटीत एक टुक. मग एक टुक. मग टुक.

"झालं," आत्या म्हणाली. आणि मशीन थांबवलं नाही, ताटली रिकामी होईपर्यंत पाय मारत राहिली, उगाचच, कापड नसताना.

आज सकाळी पिंजरेवाला आला. वेळेवर. काकांनी पांढरे, गुडघ्यापर्यंतचे मोजे घातले. डॉक्टरांची युक्ती, पांढऱ्यावर पिसू लगेच दिसते. आणि काका अंगणात फिरले. शेडमध्ये जाऊन उभे राहिले. जुन्या गाठोड्यांच्या जागी तर बसलेसुद्धा. मी, आत्या, मावशी, पिंजरेवाला, सगळे त्यांच्या मोज्यांकडे बघतोय. काका बाहेर आले, एक पाय पुढे केला, वळवला, दुसरा पाय पुढे केला. पांढरे. शुभ्र! आणि मग ते पिंजऱ्याजवळ गेले, जरा वाकले, आणि सरळ होऊन बघतात तर डाव्या मोज्यावर एक काळा ठिपका. उडाला. पिंजऱ्यातून आलेला! काका, आमचे काका, छाती पुढे काढून पिंजरेवाल्याला म्हणाले, "हे घेऊन आत येऊ नका. आमच्याकडे मांजरं आहेत."

मी टाळ्या वाजवल्या. मावशींनी सुया काढून टाळ्या वाजवल्या.

हां, डॉक्टर म्हणालेत, महिन्याने पुन्हा करायचं. आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही. आत्याने त्या कुपीवर खडूने "मांजर" लिहून वेगळ्या खणात ठेवलीय, म्हणजे कुणी त्यात तेल भरायला नको. मी कॅलेंडर बदललं, नवीन आणलं, आता तिथेच बसायचंय ना मला.

तर आता तुमचा कोट. आत्याने इस्त्री करून टेबलावर ठेवला, गरम गरम, या दोघींच्या कपड्यांवर. मागचं दार उघडं, मशीन तिघांचीही चालू, म्हणजे मांजरांच्या हिशेबाने सगळी माणसं खुर्चीत. आणि कात्री आत आली. आठ वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत! टेबलावर चढली, तुमच्या कोटाच्या उजव्या बाहीत डोकं घातलं, आणि झोपली. खाजवत नाहीये हो, बघा ना, आठवड्यात पहिल्यांदा न खाजवता सलग झोपली असेल ती. आता मशीन बंद करावं तर दचकून पळेल, कोटाला नखं लागतील, म्हणून काका, आत्या, मावशी, तिघंही गेला तासभर कापडाशिवाय नुसते पाय मारतायत, ऐकू येतंय ना? काकांच्या तर पोटऱ्या भरून आल्यात. आणि मला इथे पाठवलंय, गिऱ्हाइकांना जरा बोलण्यात गुंतव म्हणून.

या, पडद्यातून हळूच बघा. कोट तुमचाच आहे, हवा तर आत्ता उचलून न्या. हात मात्र लावायचा नाही.